पांझरेच्या बंधाऱ्यावरची आमची वस्ती

धुळ्याहून सुरत रस्त्यानं साक्रीकडे निघालं की आधी कुसुंबे लागतं, मग नेर. या पट्ट्यात रस्ता सोडून नदीच्या अंगाला वळलात की पांझरा भेटते. तिच्यावरचा फरशी पूल ओलांडायचा, करंजाच्या ओळीखालून गेलेला पाट ओलांडायचा, की तीसेक घरांची एक वस्ती दिसते. बाहेरचे लोक तिला बंधाऱ्यावरची वस्ती म्हणतात, आम्ही नुसतं वस्ती म्हणतो. ते माझं माहेर. मी धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वर्गात नाईलचा पूर शिकवतानाही माझ्या डोळ्यांसमोर हाच काठ असतो, म्हणून आज त्याच्याबद्दल सविस्तर लिहायला बसले आहे.

वस्तीला स्वतःची ग्रामपंचायत नाही. महसुली गाव म्हणून तिची नोंद नाही. नदीच्या अल्याड जे मूळ गाव आहे, त्याच्या ग्रामपंचायतीचा अर्धा वॉर्ड एवढीच तिची सरकारदरबारी ओळख. जनगणनेत आमची माणसं मूळ गावाच्या आकड्यात मिसळून जातात. गावठाण अल्याड आणि आमची घरं शेतीच्या गटांवर, त्यामुळे घरकुलाचा अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, जागा गावठाणात आहे का? रेशन अल्याड, मतदान अल्याड, पाचवीपासूनची शाळा अल्याड. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी गेलं की हे सगळं दोन-दोन दिवस बंद.

मूळ गावाचा नकाशा मी भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आणला आहे. त्यावर नदीची दुहेरी रेघ आहे. नदी अडवणारा बंधारा आहे. बंधाऱ्याच्या एका टोकापासून निघून शेतांच्या वरच्या कडेनं वळणं घेत गेलेली पाटाची रेघ आहे. घरं मात्र एकही नाही. भावाला त्याचा राग आला, मला आला नाही. आमची वस्ती त्या पाटाच्या रेघेतच आहे. पाट नसता तर या काठावर राहायला कुणी आलंच नसतं. म्हणून तिचा भूगोल सांगायचा तर पाण्याचा सांगावा लागतो, आणि इतिहासही पाण्याचाच.

पांझरा सह्याद्रीच्या कुशीत, पिंपळनेरच्या पश्चिमेला उगवते. साक्री तालुक्यात तिला कान नदी मिळते. मग पूर्वेकडे धावत ती धुळे शहराच्या मधून जाते, पुढे उत्तरेला वळते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावदला, कपिलेश्वराच्या देवळापाशी, तापीत जाते. उगमाकडे डोंगरात पाऊस चांगला. खाली धुळ्याकडे यावं तसा तो कमी होत जातो, वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. म्हणजे आमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसावर शेती धकत नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस नदी घेऊन येते, तो वाटेत धरायचा, ही या खोऱ्याची जुनी रीत.

धरायचा कुठे, हे खडकानं ठरवलं. धुळे-नंदुरबार भागात फिरताना तुम्ही काळ्या दगडाच्या लांबच लांब, सरळ, अरुंद टेकड्या पाहिल्या असतील. कुणी भिंत बांधत नेली असावी तशा त्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर येत होता, तेव्हा जमिनीच्या भेगांत शिरून तो तिथंच थिजला. भोवतालचा खडक झिजला, भेगांतला टणक दगड उभा राहिला. भूगोलात याला डाइक म्हणतात आणि आमचा हा भाग डाइकांच्या गर्दीसाठी साऱ्या जगाच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. आमच्या बंधाऱ्याखाली असाच टणक काळा खडक आहे. नदीच्या पात्रात इतरत्र कुदळ मारली तर वाळू नि गोटे लागतात, इथं ठिणगी उडते. ज्या कुणी पहिल्यांदा ही जागा हेरली, त्यानं पात्रातून अनवाणी चालून हेरली असणार असं मला नेहमी वाटतं.

बंधारा फार उंच नाही. उन्हाळ्यात माणूस खाली उभा राहिला तर वरच्या काठाला हात लागतो. दगड आणि चुन्यात बांधलेला, नदीला आडवा पण किंचित तिरका, म्हणजे पुराचा लोंढा सरळ छातीवर येत नाही, कडेकडेनं घसरत जातो. पाणी साठवणं हे त्याचं काम नाही. पाण्याची पातळी थोडी उचलायची आणि ते पाटाच्या तोंडात वळवायचं, एवढंच. पूर आला की तो सरळ वरून जातो.

पाटाची खरी करामत उतारात आहे. नदीचा उतार जास्त, पाटाचा अगदी थोडा. दोघं एकाच ठिकाणाहून निघतात, पण नदी भराभर खाली जाते आणि पाट जवळजवळ त्याच पातळीवर चालत राहतो. कोसभर पुढे गेलं की पाट नदीपेक्षा चांगला उंचावर दिसतो. या दोघांच्या मधली सगळी जमीन पाटाच्या पाण्याखाली येते, ना मोट लागते ना मोटर. त्या जमिनीला थळ म्हणतात. पाटातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारी सारंगं. जास्तीचं पाणी सांडव्यानं परत नदीत. शेतांतून झिरपलेलं पाणीही नदीतच येतं आणि खालच्या गावाचा बंधारा ते पुन्हा उचलतो. पिंपळनेरपासून धुळ्यापर्यंत पांझरेवर अशी बंधाऱ्यांची माळच होती. दक्षिणेला नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवरही हीच पद्धत. तीनशे-चारशे वर्षांची तरी ही रीत असावी असं अभ्यासक मानतात.

आता फड. थळाचे साधारण चार भाग पाडलेले, एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, पलीकडच्यात ज्वारी, चौथा पडीत किंवा कमी पाण्याच्या पिकाला. पुढच्या वर्षी फिरवायचं. कुणी म्हणालं, माझ्या तुकड्यात मी ऊसच लावणार, तर ते चालत नसे. एका फडात एकच पीक असल्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं आणि एकाच वेळी बंद करता येतं. गव्हाच्या पिकाला शेजारच्या उसाची ओल लागत नाही. जमिनीला आळीपाळीनं विसावा मिळतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक घराचा एकेक पट्टा प्रत्येक फडात असे. त्यामुळे कुणी कायमचा पाटाच्या तोंडाशी नाही, कुणी कायमचा शेपटाला नाही. दुष्काळाच्या वर्षी नदीला पाणी कमी असलं, की चारांऐवजी दोन फड भिजवायचे. पाणी आटलं तर सगळ्यांचं आटे, आणि होतं तोवर सगळ्यांच्या शेतात असे. इतका नेटका न्याय मी पुढे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकवला, पण तिथं तो शब्दांत होता. वस्तीत तो पाण्यात होता.

माझे वडील, आम्ही त्यांना जिभाऊ म्हणायचो, शेवटच्या पाटकऱ्यांपैकी. पाटकरी म्हणजे पाणी वाटणारा. त्याची निवड आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला व्हायची, कारण आमच्याकडे शेतीचं वर्ष आखाजीपासून मोजतात, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडीही त्याच दिवशी ठरतात. मेहनताना धान्यात मिळे, ज्याची जितकी जमीन भिजली तितकं. जिभाऊंकडे घड्याळ होतं, पण पाळी बदलायची ती ते चांदण्या बघून बदलत. रात्री-अपरात्री दार वाजे. "जिभाऊ, आते बारी कोनी शे?" आतूनच उत्तर जाई. कुणाची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते हे त्यांना पाठ होतं. सख्ख्या भावानं एकदा चारीचं तोंड आधी उघडलं, तर जिभाऊंनी भर थळात त्याला बोल लावला आणि पुढची पाळी कापली. "हाई पानी कोना बापनं नही," हे त्यांचं वाक्य. काका आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी दोघं मिळून पाटाचा गाळ काढत होते.

पाळी रात्रीची असली की बायकाही जाग्या. आई कंदील आणि कळण्याची भाकरी घेऊन बांधापर्यंत जायची. बारे देणाऱ्या, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या माणसाला थंडीच्या दिवसांत पोटात काही नसेल तर पाण्यात उभं राहवत नाही. पाटाच्या कडेचं गवत कुणी कापायचं याच्याही पाळ्या होत्या, त्या बायका ठरवत, आणि त्यात पुरुषांचा शब्द चालत नसे.

बंधाऱ्यावर रात्रीची राखण करणारा तो जागल्या. आमच्याकडे जागल्ये भिलाटीतले, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतले. वस्तीच्या वरच्या अंगाला आजही भिलाटी आहे, दहा-बारा घरं. पुराची पहिली चाहूल त्यांना लागायची, बंधाऱ्याला भगदाड पडलं तर दगड-माती घेऊन सगळ्यांत आधी तेच पाण्यात उतरायचे. पण फडात त्यांचा पट्टा नव्हता. मघाशी मी ज्या न्यायाचं कौतुक केलं, तो जमीन असणाऱ्यांमधला न्याय होता. पाणी राखणारा माणूस पाण्याचा वाटेकरी नव्हता. फडाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक हे लिहीत नाहीत. माझ्या वडिलांच्या कामाचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

वस्ती बसली कशी, त्याची हकीकत घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खान्देशातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. पेंढारी, अरब शिबंदी, डोंगरातून होणाऱ्या धाडी, यांत खान्देशातली गावंच्या गावं उठली. घरात दिवा लावायला माणूस उरला नाही ती गावं दप्तरात बेचिराग म्हणून लागली. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज खान्देशात पोलिटिकल एजंट म्हणून आला. त्यानं मुख्य ठाणं म्हणून धुळं निवडलं. तेव्हा तेही काही मोठं शहर नव्हतं. उठलेली गावं पुन्हा वसवण्याचं काम सुरू झालं. डोंगरातल्या भिल्लांशी आधी लढाया झाल्या, मग १८२५ मध्ये जेम्स आऊट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी केली.

आमच्या घरात सांगतात ते असं. मूळ गावचे लोक परत आले तेव्हा बंधारा शाबूत होता, पाट मात्र गाळानं बुजला होता. त्यांनी पाट उपसला. नदीच्या पल्याड, पाटाच्या तोंडाशी, रात्री कुणीतरी राहिलं पाहिजे म्हणून चार-सहा घरं तिकडे ठेवली, पाटकऱ्याचं एक आणि बाकी जागल्यांची. पुढे जावई आले, भाऊबंद आले, माळ्यांची दोन घरं आली. पाणी राखायला बसलेली ही माणसं, त्यांचीच वस्ती झाली. म्हणून आमच्याकडे आजही जुन्या घरांची तोंडं रस्त्याकडे नाहीत, बंधाऱ्याकडे आहेत.

मग जमिनीची मोजणी आली. १८५२ साली यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल भागात या मोजणीला शेतकऱ्यांनी उघड विरोध केला, लष्कर आणावं लागलं. मोजणीनं शेताला नंबर दिला, घरांना गावठाण दिलं. ज्यांची घरं गावठाणाबाहेर होती ती कागदाबाहेर राहिली. आमची कागदाबाहेरची कहाणी तिथून चालत आली आहे.

पुराचं सांगायलाच हवं. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेला आलेल्या पुरानं धुळ्यात शेकडो घरं वाहून गेली. वस्ती तेव्हा आजच्यापेक्षा खाली, नदीच्या अगदी अंगाला होती. त्या पुरानंतर ती पाटाच्या वर सरकली असं जुनी माणसं सांगत. खालच्या जागेला आम्ही पांढर म्हणतो. तिथं नांगर घातला की खापरांचे तुकडे, जात्याच्या पाळीचा तुकडा, काचेच्या बांगड्या वर येतात. "नदी तिनी जागा इसरत नही," आजी म्हणायची. पांढरीत आजवर कुणी घर बांधलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेनं धुळ्यात पुन्हा पूल आणि काठ उद्ध्वस्त केले, तेव्हा पाणी पांढरीपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी घरं किती वर न्यायची हे बरोबर मोजलं होतं.

याच नदीवर, आमच्या वरच्या अंगाला, साक्री तालुक्यात दातर्ती आहे. १८८४ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांच्याकडे दातर्तीचं काम आलं. पांझरेच्या पात्राखालून नळाचा सायफन टाकून पाणी पलीकडे न्यायचं होतं. वय तेविशी-चोविशीचं, पावसाळा सुरू झालेला, नदी अडवून धरणारी. तरीही काम पुरं झालं. पुढे हेच विश्वेश्वरय्या नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणतात, म्हणजे कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडून पिकं फिरवायची आणि पाणी बांधून द्यायचं. पांझरेकाठचं कुणीही हे वाचलं की त्याला आपला फड दिसतो. दहावीच्या वर्गात मी दरवर्षी हे सांगते. भारतरत्न मिळालेला इंजिनियर आपल्या नदीच्या चिखलात उभा राहून शिकला, हे ऐकताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

१९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आम्ही पश्चिमेत. नंतर पश्चिम खान्देशाचा धुळे जिल्हा झाला आणि १९९८ मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. या सगळ्या घडामोडींनी वस्तीत काही म्हणजे काही बदललं नाही. बदल आला तो कायद्यानं आणि विजेनं.

तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. आमच्याकडे गट पाडण्याचं काम बरंच उशिरा झालं. हेतू चांगला होता. शेतकऱ्याच्या विखुरलेल्या पट्ट्यांचा एक सलग गट करून द्यायचा, म्हणजे मशागत सोपी होईल. पण आमच्या थळात पट्टे विखुरलेले होते ते मुद्दाम. चार फडांत चार पट्टे हाच तर वाट्याचा पाया होता. सगळी जमीन एका गटात आली आणि काही घरं कायमची पाटाच्या तोंडाशी बसली, काही कायमची शेपटाला. यंदा आपला फड पडीत ठेवायचा म्हणजे एका घरानं वर्षभर काहीच पिकवायचं नाही असा अर्थ व्हायला लागला. कोण ऐकणार? लोक आळशी झाले, एकी राहिली नाही, म्हणून फड मोडले, असं म्हणणारे भेटतात तेव्हा मला चीड येते. एकी शिकवणीनं टिकलेली नव्हती, जमिनीच्या मांडणीनं टिकवलेली होती. मांडणी बदलली आणि एकीचा आधार गेला.

त्यावर १९७२ चा दुष्काळ. विहिरी खोदल्या गेल्या, वीज आली, मोटरी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पाटाची गरज उरली नाही, आणि गरज नाही तर गाळ काढायला माणूस कशाला पाठवायचा? विहिरींना पाणी मात्र पाटाच्याच झिरप्याचं होतं. पाट बंद पडला तशा विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले. भाडण्याला साखर कारखाना उभा राहिला, त्या दिवसांत जिकडेतिकडे ऊस. पुढे कारखाना बंद पडला आणि ऊसही गेला. आज थळात कापूस, मका, कांदा, कुठे कुठे डाळिंब, ज्याचं त्याचं ठिबक.

वाळूबद्दल मी शांतपणे लिहू शकत नाही. नदीची वाळू म्हणजे पाण्याचं कोठार. पूर ओसरल्यावर वाळूत मुरलेलं पाणी महाशिवरात्रीपर्यंत झिरपत राहायचं, तेच बंधारा उचलायचा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ट्रॅक्टर नि डंपरांनी पात्र खरवडून नेलं. पात्र खाली गेलं, बंधाऱ्याच्या पायाचे दगड उघडे पडले, एका टोकाला दोन दगड निसटले आहेत. शहरात नवीन घर बांधून वास्तुशांत करणाऱ्या माझ्याच नातेवाइकांना मी विचारलं आहे, वाळू कुठली? उत्तर देताना सगळे दुसरीकडे बघतात.

वरच्या अंगाला धरणंही झाली. पांझरेवर लाटीपाडा, कानवर मालनगाव, आणि आमच्या जवळचं अक्कलपाडा, म्हणजे निम्न पांझरा प्रकल्प. अक्कलपाड्याचं पाणी आता धुळे शहराला प्यायला जातं. मी स्वतः धुळ्यात तेच पिते, तेव्हा धरण नको असं मी म्हणणार नाही. फरक असा पडला की नदी आता आवर्तनावर वाहते. पाणी सोडलं की ती येते, बंद केलं की जाते. पूर्वी नदीकडे बघून जिभाऊ सांगायचे, अजून किती पाळ्या होतील. आता ते मोबाइलवरच्या निरोपातून कळतं. आवर्तन सुटलं की मात्र वस्तीत अजूनही तोच प्रश्न ऐकू येतो, "पानी उनं का?", आणि कुणीतरी बंधाऱ्यापर्यंत जाऊन बघून येतं.

श्रावणात कानबाई, म्हणजे खान्देशातल्या घराघरांतली देवी, बसते तेव्हा सुरतला, पुण्याला, नाशिकला गेलेली सगळी घरं परत येतात. रोटाचं दळण भाऊबंदकीत एकत्र होतं. सोमवारी कानबाईला डोक्यावर घेऊन बायका बंधाऱ्यावर जातात, विसर्जन तिथंच. मूळ गावाची कानबाई अल्याडच्या घाटावर, आमची पल्याड, आणि दोन्ही काठांवरून गाणी एकमेकांना उत्तर देत चालतात. वस्तीला पंचायत नसेल, पण तिचा घाट वेगळा आहे, आणि तो कुणी कधी वाटून घेतलेला नाही.

भावाला वाटतं, आपण वेगळं महसुली गाव मागावं. अर्ज तयार आहे, तलाठ्यांशी बोलणं झालं आहे, आणि गावठाण मिळालं तर घरकुलं मिळतील हे त्याचं म्हणणं खरं आहे. मी त्याच्या बाजूनं सही केली आहे. पण माझी दुसरी मागणी आहे आणि ती मी ग्रामसभेत मांडली: ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत बंधारा आणि पाट यांची नोंद करा. आज त्यांची देखभाल कुणाकडे आहे हे विचारलं तर प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं. नोंद झाली तर दुरुस्तीला निधी मागता येईल, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू उचलणाऱ्याला कुठल्या हक्कानं उचलतोस असं विचारता येईल.

या आखाजीला झोक्याखाली, करंजाच्या सावलीत बैठक झाली. बायका माहेरी आलेल्या होत्या म्हणून आवाज आमचाच जास्त होता. ठरलं ते असं. मे अखेरपर्यंत पाटाच्या तोंडापासून पहिल्या सांडव्यापर्यंतचा गाळ काढायचा. जमीन असलेल्या प्रत्येक घरातून एक माणूस, जो येणार नाही त्यानं मजुरी भरायची. फड पुन्हा बसवण्याच्या गोष्टी कुणी केल्या नाहीत, गट झाले ते झाले. पाटात पाणी नुसतं वाहिलं तरी दोन्ही बाजूंच्या विहिरींना झिरपा लागेल, एवढ्यावर सगळे राजी झाले. भिलाटीतल्या एका ताईनं विचारलं, "आमनी हीरले बी पानी लागी का?" त्यांची विहीर पाटाच्या वर आहे, तिला झिरपा पोचणार नाही. त्यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी मोठ्या चारीशेजारच्या विहिरीवरून भिलाटीला नळ टाकायचा, त्याचं वीजबिल थळातल्या घरांनी भरायचं, असं वहीत लिहिलं आणि सह्या झाल्या. वही माझ्या भावाकडे आहे. पहिला हप्ता जमला आहे, नळाचे पाइप धुळ्याहून मी पाठवणार आहे.